सहा बैलांचे नाताळगीत

त्या वर्षी अकोल्यात जिकडे पाहावे तिकडे कापसाच्या गाड्या. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडातला जो तो आपली रुई घेऊन रेल्वेच्या दिशेने निघाला होता. रेल्वे तेव्हा खानदेशापर्यंतच आली होती. आमच्या मिशनच्या बंगल्यासमोर रुई दाबून गाठी बांधण्याचा कारखाना होता. तिथे पाळी येईपर्यंत गाडीवाले चार-चार दिवस मैदानात मुक्काम ठोकत.

लग्न झाले आणि त्याच वर्षी आम्ही मुंबईहून इथे आलो. हे उपदेशक म्हणून, मी मुलींना शिकवायला. आम्हाला नावाने निजामाचा असलेला हा मुलूख म्हणजे परदेशच. माझे सारे शिक्षण मडमांच्या शाळेत, इंग्रजीतून झालेले. इथली बोली मला अर्धीच कळे, आणि कळली तरी परक्या पुरुषाला उत्तर देण्याची माझी छाती नव्हती. मी खिडकीच्या झडपेआडून सगळे बघत असे.

नाताळाला चार दिवस उरले असताना मिशनच्या साहेबांच्या मडमबाईंना त्यांच्या आईने विलायतेहून पाठवलेली बाजाची पेटी आली. घरापासून दूर मडमबाईंचा हा पहिलाच नाताळ. खोके उघडले, तर भात्याचे चामडे उंदरांनी पार कुरतडलेले. पट्टी दाबली की नुसती खट्ट वाजे. मडमबाईंनी झाकण लावले आणि अगदी शांत आवाजात स्वयंपाक्याला जेवणाचे विचारले. ते मला रडण्याहून वाईट वाटले. नाताळाला वाजवणे होईल, मी करते, असे माझ्या तोंडून निघून गेले.

आता माघार नव्हती. पण झडपेआड बसून बसून मला एक गोष्ट कळली होती: मैदानातल्या बैलांच्या गळ्यांतल्या घंटा एका सुराच्या नव्हत्या. कोणता बैल मान खाजवतो आहे, हे मी न बघता सांगू शकत असे. सहा सुरांत बसणारे एक सोपे नाताळगीत मला येत होते. सहा घंटा मिळाल्या की झाले.

सूर टिपायला पाटी घेऊन मी ह्यांच्या मागोमाग मैदानात गेले. ह्यांना सूर आणि शिंक यांतला फरक कळत नाही. म्हणून हे "घंटा हलवा" म्हणत आणि मी मागून होय-नाही करी. गाडीवाल्यांना वाटले, आम्ही बैल बघायला आलो आहोत. ते बैलांचे जबडे उघडून दात दाखवू लागले. मी पदरात तोंड खुपसून हसत होते.

दिवस मावळेपर्यंत सहा सूर जमले. पण सहावा गाडीवाला, अमरावतीकडचा म्हातारा, घंटा सोडून देईना. घंटा काढली की त्याचा बैल जागचा हलत नसे. ते ऐकून बाकीचे पाच गाडीवालेही घंटा द्यायला तयार होईनात. हे सगळे कशासाठी, असे म्हाताऱ्याने विचारले, तेव्हा ह्यांनी त्याला येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली.

"गोठ्यात जन्मला म्हन्ता," म्हातारा म्हणाला, "मंग बैलायले काहून बाहेर ठेवता? माह्या बैलाले बलावा. तो येते."

शेवटी ह्यांनी सहाही बैलांना नाताळाचे बोलावणे केले.

नाताळच्या सकाळी ओसरीपुढे सहा बैल ओळीने उभे राहिले. शिंगांना ताजा गेरू. ज्याच्या त्याच्या धन्याचा हात घंटेवर. मी रुईच्या गाठीवर उभे राहून बोटाने ज्याची त्याची पाळी दाखवायची, असे ठरले होते. अर्धे मैदान बघायला लोटलेले. माझा हात पदराबाहेर निघेना. मडमबाई पायरीवर उभ्या राहून वाट बघत होत्या.

"मी दाखवू का बोट?" ह्यांनी हळूच विचारले.

त्या धास्तीनेच माझा हात वर गेला.

पहिली ओळ अशी बिनचूक वाजली की माझे मलाच खरे वाटेना. दुसरीत म्हाताऱ्याला इतके स्फुरण चढले की तो आपली घंटा वाजवतच सुटला.

"थांबा, बाबा. तुमची पाळी नाही."

तो खणखणीत आवाज माझा होता.

"बरं, माय," म्हातारा म्हणाला आणि दोन्ही तळव्यांनी घंटा धरून बैलाकडे वळला. "आयकलं का? आपली पाळी नाई."

मडमबाई हसत हसत पायरीवरच बसल्या. टोपी एका कानावर आली, तरी त्यांना हसू आवरेना. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मग गाडीवालेच म्हणाले, आणखी एकडाव. मग आणखी एकदा. पाचव्या खेपेला बैलही माना डोलवू लागले आणि मध्येच नको ते सूर पडू लागले. पण त्याचे कोणाला काही वाटले नाही, मलाही नाही.

एवढ्यात कारखान्याच्या मुकादमाने पुढच्या गाडीला हाक मारली. ती गाडी माझ्या तिसऱ्या सुराची होती, आणि गाडीवाला निमूट बैलाची दोरी सोडवू लागला. मी गाठीवरूनच मुकादमाला ओरडून सांगितले की हा माणूस आत्ता येणार नाही, अजून दोन कडवी राहिली आहेत.