चार नंबरचं ऊन

हिवाळ्यात आमच्या इमारतीच्या आवारात ऊन एकाच जागी पडतं. समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून ते साडेनऊला आत येतं, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकतं आणि बाराच्या सुमाराला निघून जातं. बाकीचं आवार दिवसभर गार आणि ओलसर. या उन्हावरून एका हिवाळ्यात आमच्याकडे जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही. भांडण बरोबरीच्या माणसांत होतं. इथे एका बाजूला सोसायटीचे अध्यक्ष, त्यांचा शिक्का आणि त्यांची नवी गाडी होती, आणि दुसऱ्या बाजूला अडुसष्ट वर्षांची माझी आत्या आणि तिची सुई.

आत्या रफू करते. बाविसाव्या वर्षी ती एका ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत कामाला लागली. दुकान बंद पडलं तेव्हा गिऱ्हाइकं तिच्यामागोमाग घरी आली. हिवाळा हा तिचा सुगीचा काळ. लोक ट्रंकेतून कोट आणि शाली काढतात, कसर लागलेली भोकं बघून कपाळाला हात लावतात आणि आमचं दार वाजवतात. आत्या भोकावर ठिगळ लावत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि उभे-आडवे विणून भोक बुजवते. ‘‘कापडाचं कापडालाच द्यायचं,’’ असं ती म्हणते. काम झालं की ती गिऱ्हाइकाला विचारते, ‘‘सांगा, भोक कुठे होतं?’’ आणि त्याला ते सापडलं नाही की तिचं समाधान होतं. पैसे त्यानंतर.

तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर सांगते, ‘‘जी स्थळं आली ती रफूच्या पलीकडची होती.’’ मी तिच्या भावाची मुलगी. आई आणि मग वडील गेल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच असतो. मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये दुपारच्या पाळीला जाते, त्यामुळे आत्याच्या सकाळी माझ्या वाट्याला येतात, तिच्या तोंडाच्या पट्ट्यासकट.

आमच्या खोल्यांत दिवसाही दिवा लागतो, आणि दिव्याखाली काळा, गडद निळा आणि गडद तपकिरी हे तिन्ही रंग एकच दिसतात. म्हणून आत्या साडेनऊला खुर्ची घेऊन टाकीच्या भिंतीशी बसायची. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची. तिसऱ्यांदा सरकवली की मी समजायची, आता कुकर लावायला हवा.

मग अध्यक्षांनी गाडी घेतली. गाडीपाठोपाठ जिन्याखाली नोटीस लागली. आवारात यापुढे फक्त वाहने उभी राहतील, खुर्च्या, बाकडी आणि कपड्यांच्या दोऱ्या यांना सक्त मनाई, वाहनांसाठी पाच जागा रंगवल्या आहेत, जो आधी येईल त्याची जागा. खाली सही आणि शिक्का. टाकीच्या भिंतीशी पिवळ्या रंगात चार आकडा आला, आणि त्या चारावर अध्यक्षांची गाडी येऊन बसली. सावलीतल्या जागेत दव साचून रंग खराब होतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीला थंडी वाजू नये म्हणून माणसाला उठवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आत्या त्यांच्याशी नीट बोलायला गेली होती. ‘‘आत्याबाई, नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी एक खुर्ची ठेवली तर उद्या सगळे पलंग घेऊन येतील,’’ असं अध्यक्ष म्हणाले. आणि वर एक सल्लाही दिला, की या वयात डोळ्यांना ताण कशाला. ती गप्प परत आली. आत्या गप्प बसली की मला भीती वाटते.

दोन आठवडे तिने दिव्याखाली काम केलं. मग एक काळा कोट परत आला. त्याच्या शिवणीत धागा पुरेसा नव्हता म्हणून आत्याने स्वतःच्या डब्यातला काळा धागा लावला होता. तो काळा नव्हता, निळा होता. गिऱ्हाईक बिचारा नम्र होता. कोट दारातल्या उजेडात धरून हळूच म्हणाला, ‘‘भोक इथे होतं, आत्या.’’ सेहेचाळीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने माफी मागितली, कोट ठेवून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत एकेक टाका उसवत बसली. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींसाठी मला अध्यक्षांचाच चेहरा दिसत होता.

माझ्या मोठ्या भावाला मी हे फोनवर सांगायला नको होतं. तो रविवारी आलाच. ‘‘बस झालं आता. माझ्याकडे चल. वरचा मजला, मोठी गॅलरी, आराम कर.’’

‘‘गॅलरीत ऊन येतं?’’ आत्याने विचारलं.

‘‘संध्याकाळचं येतं. पण तुला ऊन कशाला? सुई ठेवून दे की.’’

‘‘म्हणजे तुझ्याकडे मी नुसती बसून राहायची. बसायचंच तर मी माझ्या जागेवर बसेन.’’ दादा निघून गेला, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, हा महिना बघतो, नाहीतर सामान बांधायला येतो. हे आत्याने ऐकलं. कान तिचे अजून विशीतलेच आहेत.

दुसऱ्या दिवशी ती भिंग घेऊन जिन्याखाली उभी राहिली आणि ती नोटीस एखादं भोक तपासावं तशी वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने मला हाक मारली. ‘‘अगं, यात वाहन म्हटलंय. मोटार म्हटलेलं नाही.’’

‘‘मग?’’

‘‘तुझ्या बापाची स्कूटर काय आहे? भाजीची टोपली?’’

वडिलांची स्कूटर मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली सात वर्षं पडून होती. तिला साइडकार जोडलेली होती. लहानपणी त्यात मी आणि दादा मावायचो, नंतर आई, शेवटी वडिलांची औषधं. ते डबडं हलवा, असं अध्यक्षांनी दोनदा लेखी कळवलं होतं. आता आम्ही त्यांचं ऐकायचं ठरवलं.

अध्यक्ष रोज नऊला सुनेला ऑफिसला सोडायला जातात. मंगळवारी त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि आम्ही स्कूटर ढकलायला सुरुवात केली. चाकांत हवा नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून येत होती, तिने पर्स जिन्यावर ठेवली आणि काही न विचारता मागून जोर लावला. पावणेदहाला अध्यक्ष परतले तेव्हा चार नंबरवर स्कूटर होती, साइडकारमध्ये आत्या होती, तिच्या गुडघ्यांवर जुनं ब्लँकेट आणि हातात तो काळा कोट होता.

‘‘हे काय चाललंय?’’ अध्यक्षांनी काच खाली केली.

‘‘रफू,’’ आत्या म्हणाली.

‘‘इथे बसता येणार नाही तुम्हाला.’’

‘‘मी आवारात बसलेलीच नाही. मी वाहनात बसल्येय. तुमच्या नोटिशीत वाहनात कुणी बसू नये असं असेल तर दाखवा, माझी नजर आता अधू झालीय म्हणतात.’’

वरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी गाडी दोन नंबरच्या सावलीत लावली आणि संध्याकाळपर्यंत नवी नोटीस काढली. वाहन चालू स्थितीत हवे, रविवारी सकाळी दहा वाजता खात्री केली जाईल, बंद वाहने भंगारात दिली जातील. मी ती दोनदा वाचली. जागा गेली असती तर गेली असती, पण आता वडिलांची स्कूटरही जाणार होती, आणि तिच्या मागोमाग आत्या दादाकडे.

वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे मेकॅनिक होते. ते तीन दिवस आवारात पथारी मांडून बसले. ‘‘इंजिन मेलेलं नाही, नुसतं रुसलंय,’’ ते म्हणायचे, पण किती रुसलंय ते सांगत नव्हते. मी रोज सकाळी लॅबमागच्या मैदानातल्या उन्हात त्यांच्या स्कूटरवर हात बसवून घेतला. शनिवारी रात्री जेवतानाही आमची स्कूटर खोकत होती, धरत नव्हती.

रविवारी दहाला अख्खी इमारत खिडक्यांत होती. दादाही आला होता, रिकामी बॅग घेऊन. आत्या साइडकारमध्ये बसली आणि तिने कोट उघडला. मी किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, सहावी. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. नवव्या किकला माझा पाय घसरून नडगी सोलली आणि डोळ्यांत पाणी आलं. आत्या मान वर न करता म्हणाली, ‘‘घाई नको. माझा अजून एक धागा विणायचा बाकी आहे.’’

बाराव्या किकला स्कूटर खाकरली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. नर्सने टाळी वाजवली. दादाने बॅग खाली ठेवली.

‘‘सुरू होणं वेगळं आणि चालणं वेगळं,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘चल गं,’’ आत्या म्हणाली. मी गिअर टाकला आणि आम्ही इमारतीला फेरी मारली, माझ्या आयुष्यातली सगळ्यात हळू आणि सगळ्यात ऐटीतली फेरी. परत आलो तर चार नंबरवर नर्स ठाण मांडून उभी होती, मध्ये कुणी घुसू नये म्हणून. त्या दुपारी कोटाचा मालक आला. आत्याने कोट उन्हात धरला आणि विचारलं, ‘‘सांगा, भोक कुठे होतं?’’ त्याने खूप शोधलं. तो हिवाळा आमचा झाला.

पण पुढच्या हिवाळ्याआधी समोरच्या दोन इमारतींच्या मधली फट बुजली. तिथे सहा मजले उभे राहिले. थंडी सुरू झाली, साडेनऊ वाजले, दहा वाजले, आणि चार नंबरवर काहीच आलं नाही. आत्या साइडकारमध्ये बसून वर बघत राहिली. तिला इतकं म्हातारं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्ष खाली आले. खरं सांगायचं तर आवाजावरून त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि थोडं बरंही.

‘‘आत्याबाई, याला आता कुणाचा इलाज नाही. ऊनच गेलं. मग या जागेचा हट्ट कशाला?’’

आत्याने ब्लँकेट गुडघ्यांवर घट्ट गुंडाळलं.

‘‘अध्यक्ष, तुम्हीच ही गाडी चालू करायला लावलीत ना?’’

‘‘हो. नियमच होता तसा.’’

‘‘चांगला नियम होता,’’ आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. ‘‘किक मार. तुझ्या लॅबमागचं ते मैदान आहे ना, तिथे सकाळभर ऊन असतं असं तूच म्हणाली होतीस.’’

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. फाटकापाशी आत्याने मला थांबवलं आणि साइडकारमधून वळून ओरडून सांगितलं, ‘‘अध्यक्ष, आम्ही बाराला परत येतो. चार नंबरवर गाडी लावू नका.’’