रंजूच्या मशीननं दिलेली ओ

नमस्कार. या ग्रुपवर मी तीन-चार वर्षांपासून आहे, पण लिहिलं कधी नाही. खरं सांगायचं तर मी इथे टवाळी करायलाच यायचो. पिंपळावरची बाई, बंद घरातले पैंजण, मागे वळून पाहू नको म्हणणारा म्हातारा... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. माझा धंदा कम्प्युटरचा. मशीन अडलं तर त्याला कारण असतं. ते सापडत नसेल तर आपली अक्कल कमी — एवढंच मला ठाऊक. तेव्हा खालचं भुताखेताचं म्हणून वाचू नका. माझ्या अकलेबाहेर राहिलेलं एक काम म्हणून वाचा.

साल २००४. गोंडपिपरीच्या बाजारात माझं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, वर टिनं, पुढे शटर. टायपिंग, सरकारी फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. आत दोन टेबलं एकमेकांना चिकटून. एकावर माझं मशीन — विंडोज ९८, प्रिंटर, स्कॅनर. दुसऱ्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं, रंजूचं. बोर्डावर नाव माझं होतं, पण डोकं तिचं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तिनं आपल्या मशीनमध्ये विंडोजच्या जोडीला लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी दुसरी सिस्टीम, बसवली होती. मशीन सुरू केलं की ते आधी विचारायचं, कशात जायचं? मी चिडवायचो की एका पोरीला दोन सासरं कशाला. ती म्हणायची, तुझ्या सासरी व्हायरस लय आहेत दादा.

दोन्ही मशीन एका नेटवर्क केबलनं जोडलेली होती. इंटरनेट-बिंटरनेट काही नाही, फक्त इकडची फाइल तिकडे न्यायला. केबल जिथे खुपसतात त्या पोर्टला दोन बारके दिवे असतात. पोर्ट चालू असेल तर ते लागतात. रंजूच्या मशीनचं पोर्ट मोठं लहरी होतं. विंडोजमध्ये दिवे हमखास लागायचे. लिनक्समध्ये कधी लागायचे, आणि कधी मशीनला असं काही पोर्ट आहे हेच लिनक्सला कळायचं नाही. रंजू त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. दोनशे पानी वही खर्ची घातली होती त्यासाठी. शेवटची नोंद अशी — 'विंडोज बंद करून लिनक्समध्ये आलं की पोर्ट गायब. काऊन?' आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं माझ्यासाठी हुकूम — 'दादा, काही झालं तरी बोर्डातून वायर ओढू नको.' मला ती सवय होती ना. मशीन अडलं की प्लग ओढायचा, पुन्हा लावायचा. लिनक्सच्या फाइली त्यानं खराब होतात, असं तिचं म्हणणं.

आमचं गाव तिथून सात-आठ किलोमीटर, जंगलाला लागून. एप्रिलमध्ये मोह पडतो, म्हणजे मोहाची फुलं गळतात, ती वेचायची. दुकान असो की नोकरी, मोहाच्या दिवसांत घरातल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. रंजूही मायसोबत जायची आणि दहापर्यंत दुकानात यायची. एकेक जण एकेका झाडाखाली बसतं, मध्ये झुडपं, कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून हाका मारायच्या. एकानं हाक मारली की दुसऱ्यानं 'ओ' द्यायची. त्याचा एक नेम आहे, लहानपणी आम्हाला तोच आधी शिकवतात... हाक मारणाऱ्यानं माणूस नजरेस पडेपर्यंत हाक सोडायची नाही. ओ देणारा त्या हाकेच्या वाटेनं येत असतो.

त्या दिवशी मायनं दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा रंजूची ओ आली. मग शेजारच्या झाडाखालची बाई मायशी बोलायला आली, कोणाच्या तरी लग्नाचं निघालं, आणि तिसरी हाक राहिली. थोड्या वेळानं मारली, तर ओ आली नाही. झाडाखाली टोपली होती. अर्धी भरलेली, नीट उभी. रक्त नाही, काही ओढत नेल्याची खूण नाही, चप्पलसुद्धा नाही. सगळं गाव जंगलात उतरलं. वनरक्षक आले. डफ वाजवत, हाका मारत तीन दिवस लोक फिरले.

त्या दिवसांत मी मायला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक वाक्य मात्र लिहितो, कारण ते मी घडीघडी म्हणत होतो. चारचौघांतही म्हटलं. "हाक काऊन सोडली माय?" ती रोज पहाटे जंगलाच्या कडेला जाऊन उन्हं चढेपर्यंत हाका मारायची आणि परत यायची.

चौथ्या दिवशी ठाण्यात फोटो मागितला. आता गंमत बघा... अख्ख्या तालुक्याचे फोटो छापणारे आम्ही, आणि रंजूचा अलीकडचा एकही फोटो घरात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एक होता — नोकरीच्या अर्जासाठी काढलेला, मी स्कॅन केलेला. मूळ प्रत अर्जाबरोबर गेली. माझ्या मशीनमधली प्रत होळीच्या सुमारास व्हायरसमुळे सगळं साफ करताना गेली. उरली ती रंजूच्या मशीनमध्ये, लिनक्सच्या बाजूला.

मी लिनक्स सुरू केलं. फोटो समोर आला. मागे निळा पडदा, तेल लावून चापून बसवलेले केस. पण तिच्या मशीनला प्रिंटर ओळखता येत नव्हता. फ्लॉपीचा ड्राइव्ह मुंग्यांनी खाल्लेला, पेन ड्राइव्ह तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिलाही नव्हता. राहिली केबल. आणि पोर्टचे दिवे बंद. रंजू हरवायच्या आदल्या दिवशी मीच तिचं मशीन विंडोजमध्ये चालवून बंद केलं होतं. विंडोजमध्ये गेलो की दिवे लागायचे, पण विंडोजला लिनक्सच्या फाइली दिसत नव्हत्या. लिनक्समध्ये आलो की फोटो डोळ्यांसमोर, पण पोर्टच नाही. दोन दिवस मी हेच करत बसलो. केबल बदलली, वहीतलं सगळं पानोपान करून पाहिलं, चंद्रपूरला फोन लावून एका ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला पोर्ट मेलं असेल, नवीन कार्ड मागवा, आठवडा लागेल. आठवडा!

पाचव्या दिवशी दुपारी माय दुकानात येऊन बसली. रंजूच्या खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. बाहेर अंगाची लाही होत होती, शटर मी अर्धं ओढलेलं. रंजूचं मशीन लिनक्समध्ये चालू होतं. माझ्या मशीनवर मी पिंग लावून ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पिंग म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला विचारायचं, आहेस का? दुसरं हो म्हणतं, आणि उत्तर यायला किती वेळ लागला तो आकडा स्क्रीनवर येतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. मशीन लांब असेल, वाट अडलेली असेल तर आकडा मोठा. शेजारच्या टेबलावर असेल तर नेहमी दहाच्या आत. साधं पिंग चारदा विचारून थांबतं. मी ते न थांबता चालेल असं लावलं होतं, म्हणजे पोर्ट जागं झालं की लगेच कळावं. उत्तर अर्थातच येत नव्हतं. एकाखाली एक तीच ओळ... 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.'

मायनं विचारलं काय करून राह्यला. मी सांगितलं, माझं मशीन रंजूच्या मशीनले हाका मारून राह्यलं, ओ येत नाई.

माय म्हणाली, "मारू दे. सोडू नको."

पोर्टमध्ये धूळ असेल म्हणून मी रंजूच्या मशीनमधून केबल काढली. तिचं टोक टेबलामागे पडलं की काढायला अर्धा तास जातो, म्हणून ते मायच्या हातात दिलं. हे नीट लक्षात घ्या. केबल रंजूच्या मशीनला जोडलेली नव्हती. तिचं टोक मायच्या मुठीत होतं. मी वाकून ब्रशनं पोर्ट साफ करत होतो, दिवे बंदच होते.

आणि माय म्हणाली, "बाबू, हे दुसरं काहीतरी लिहून राह्यलं."

मी वर पाहिलं. 'रिप्लाय फ्रॉम' — आणि पुढे रंजूच्या मशीनचा पत्ता. आकडा तीन हजार आठशेच्या घरात. खाली दुसरी ओळ, तीन हजार पाचशे. मग तीन हजार एकशे. मी पोर्टकडे पाहिलं, अंधार. लिनक्सला विचारलं, पोर्ट दिसतंय का? नाही. मायची मूठ पाहिली. केबल तिथेच.

दोन हजार चारशे. सतराशे. मायला अक्षरं येत नव्हती, पण बाजारात काटा वाचून आकडे चांगले येत. ती उठून माझ्या मागे उभी राहिली. हजार. सातशे. एवढंच म्हणाली, "जवळ येऊन राह्यली."

चारशे. दोनशे दहा. नव्वद.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ लिहितो, लाज वाटते तरी. मला आनंद झाला नाही. माझ्या डाव्या हाताला रंजूची रिकामी खुर्ची होती आणि आकडा दहाच्या आत आला की त्याचा अर्थ काय, ते या दुकानात मला आणि रंजूलाच माहीत होतं. साठ. चाळीस. हात आपोआप बोर्डाकडे गेला आणि मी रंजूच्या मशीनचा प्लग ओढला. सवयच ती. तिनं लाल पेनानं नको म्हणून लिहिलेली.

पडदा काळा झाला. माझ्या मशीनवर परत तीच ओळ सुरू झाली... रिक्वेस्ट टाइम्ड आउट, रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

माय एकाखाली एक येणाऱ्या त्या ओळी पाहत होती. मग हळूच म्हणाली, "काऊन सोडलं, बाबू? येऊनच राह्यली होती."

तिनं मूठ उघडून केबल माझ्यापुढे ठेवली. प्लग इतका घट्ट धरला होता की तळहातावर त्याचा चौकोनी ठसा उमटला होता.

अर्ध्या तासानं मी मशीन पुन्हा लावलं. लिनक्स सुरू झालं आणि पोर्टचे दोन्ही दिवे लागले. केबल जोडली. फोटो दोन सेकंदांत माझ्या मशीनमध्ये आला. पन्नास प्रती काढल्या. ठाण्यात दिल्या, एसटीच्या गाड्यांवर चिकटवल्या, चामोर्शीच्या बाजारापासून पोंभुर्ण्याच्या नाक्यापर्यंत खांबाखांबाला लावल्या. पहिल्या पावसात गळून गेल्या. रंजूचा पत्ता आजपर्यंत नाही.

दुकान पुढे चाललं. सात वर्षांनी चंद्रपूरचा एक हार्डवेअर इंजिनिअर माल द्यायला आला होता, त्याला मी पोर्टचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, यात काही नाही — विंडोज बंद होताना ते पोर्ट झोपवून जातं, जुन्या लिनक्सला ते उठवता येत नाही. मशीन नुसतं बंद करून उपयोग नाही, बोर्डातून वायर काढायची, थोडं थांबायचं, पुन्हा लावायची. झालं! म्हणजे जी एक गोष्ट रंजूनं करू नको म्हटलं होतं, तोच उपाय होता. तिची दोनशे पानं त्याच्याभोवती फिरत होती.

मग मी त्याला आकड्यांचं विचारलं. तो म्हणाला, अडकलेली उत्तरं एकदम सुटली तर आकडे असे उतरत येतात. मी म्हटलं, केबल मायच्या हातात होती. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग तो चहा संपवून बिलाचं बोलायला लागला. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा, पण केबल ढिली असेल, मानसिक धक्का असेल, हे सांगू नका. ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय.

आणि ती ओ रंजूचीच होती, असंही मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मला फक्त एवढं कळत नाही की सख्खी बहीण येत असेल, असं वाटत असताना माणूस प्लग का ओढतो.

त्या दुपारनंतर माय पहाटे हाका मारायला गेली नाही. दोन-तीन दिवसांनी मी विचारलं, जात काऊन नाई? म्हणाली, "आता कोणत्या तोंडानं हाक मारू?" माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारात महिनाभर मी उशाशी होतो. ती पुष्कळ बोलायची, जुनं, रंजूचंही. त्या दुपारचा विषय निघाला नाही.

हाक काऊन सोडली, हे मी तिला त्या पाच दिवसांत किती वेळा विचारलं, मोजलं नाही. तिनं मला एकदाच विचारलं.