पाटा तिकडे, वरवंटा इकडे

भाषेवरून राज्यांची वाटणी झाली त्या वर्षी आमच्या घरी पाटा-वरवंट्याची ताटातूट झाली, आणि ती सर्वस्वी आईच्या उतावळेपणानं झाली.

आदिलाबादच्या चौकापासून दहा मिनिटांवर, कडुनिंबांच्या सावलीत नवीच वसलेली आमची वसाहत. वडील कचेरीत कारकून. जिल्हा तेलुगू राज्यात जाणार, म्हणून मराठी कारकुनांना नांदेडकडे पाठवणार अशी बोलवा उठली आणि आईचा जीव टांगणीला लागला. गावोगावच्या बदल्या भोगून तिला हे घर मिळालं होतं. दारात बदामाचं झाड, कुंपणाला मेंदी, आणि पलीकडे जिवाला जीव देणारी तेलुगू शेजारीण. ते सोडायच्या विचारानं ती चुलीपाशी बसून डोळे पुसायची. वडील म्हणायचे, "यादी तं येऊ दे!" पण आईला धीर कुठला?

तिनं बांधाबांध काढली. पाटा जड, गाडीत कशाला न्यायचा, म्हणून तो शेजारणीला देऊन टाकला. वरवंटा मात्र ठेवून घेतला. माझ्या बारशाला माझ्याआधी तोच पाळण्यात निजला होता, म्हणजे माझा थोरला भाऊच म्हणा! तो परक्या घरी द्यायचा कसा? शेजारणीनं बिनवरवंट्याचा पाटा हसतमुखानं घेतला आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

आठवड्यानं यादी आली. वडिलांचं नाव त्यात नव्हतं. सायकल तशीच आडवी टाकून ते दारातूनच ओरडले, "कुठी जात नाही आपण! इथंच राहाचं हाय!" आई हसली काय, रडली काय! इतकी मोकळी झालेली आई मी पुन्हा कधी पाहिली नाही. वडिलांवर आता चाळिशीत तेलुगू अक्षरं गिरवायची वेळ आली होती, पण त्या दिवशी त्यांना तेही गोड लागलं.

संध्याकाळी ठेचा करायला बसली तर आईच्या हातात नुसता वरवंटा.

"मागून आन ना पाटा," मी म्हटलं.

"काऊन असं बोलून राह्यली? त्याच्यावर तुळस बसली आता. देवाखालचा दगड मागते का कोनी?"

दोन दिवस आम्ही भाकरी कांद्याशी खाल्ली. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारणीची हाक आली. ती आईला अक्का म्हणायची, आणि मराठी आमच्याकडूनच शिकली होती. "अक्का, तुळस बाजूला ठेवली मी. वरवंटा घेऊन या. इथंच वाटा, मलाबी थोडं द्या."

आई वरवंटा पदराखाली घेऊन मेंदीतून पलीकडे गेली, ती तासाभरानं परतली. मग ते रोजचंच झालं. तिच्या येण्याजाण्यानं कुंपणात वाट पडली.

पुढं एकदा शेजारीण पाटा परत पाठवायला निघाली, तर आईनंच तिला अडवलं.

"राहू द्या तिकडंच," ती म्हणाली. "पाटा तुमच्याकडं हाय, तवर आमाले इथून कोनी हलवत नाही."