गोजरबाईच्या पायाखालचा पत्रा

अमडापूरच्या पुंजाजींची वस्तू पारखायची रीत एकच: उचलून बघायची. जड लागली की माल चांगला. विळा, कढई, कुलूप, सगळं त्यांनी वजनावर घेतलेलं. पोरीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्या घरची पितळी परातही त्यांनी हळूच उचलून पाहिली होती म्हणतात. खरं-खोटं त्या परातीलाच ठाऊक.

त्यांची जुनी व्हॅन वर्षानुवर्षं शेताच्या कामाला जुंपलेली. मागं युरियाची पोती रचायची आणि जागा पुरली नाही की एक पोतं पुढं, बायकोच्या पायाशी. "खत लोखंड खाते, गाडीत नोका ठिवू," असं गोजरबाई दर हंगामाला सांगायची. "पोतं का बैल हाय, खायाले?" म्हणून पुंजाजी हसायचे. सांडलेला युरिया चटईखाली शिरून ओल धरत राहिला. मग एक दिवस चिखलीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली आणि गोजरबाईचा पाय तळातून आरपार खाली गेला. गाडी बैलाच्या चालीनं चालली होती म्हणून निभावलं. घोटा सोलवटला, चप्पल रस्त्यावर राहिली.

त्या दिवसापासून गोजरबाई व्हॅनमध्ये बसेना. बाजाराला निघाली की सरळ एसटीच्या थांब्यावर. पुंजाजी मोकळ्या सीटशेजारी बसून त्याच एसटीच्या मागून चिखलीला जायचे. गाव हसलं, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण सगळ्या संसारात ती रुसली, भांडली, तरी दुसऱ्या गाडीनं कधी गेली नव्हती. तिची वाटेवरची बडबड, कुणाची तूर वाळली, कुणाची सून आली, हे सगळं आता एसटीत दुसरंच कुणी ऐकत होतं. हे त्यांना फार लागलं.

"गॅरेजात टाकतो गाडी," ते एकदा म्हणाले.

"ज्यानं सडवलं त्यानंच नीट करावं," गोजरबाई म्हणाली. "तुमच्या हातचा पत्रा असंन तं बशीन. नाई तं एसटी हाय मले."

आता हातचं म्हणजे हातचं. पुंजाजींनी शेजारच्या शेखरची रॉडवाली वेल्डिंग मशीन आणली. गावातले नांगर-वखर तिच्यावरच जोडले जातात. पत्र्याला रॉड टेकवला मात्र, पत्रा वितळून खाली. भोक बुजवायला गेले आणि तीन नवी पाडून उठले. हार मानतील तर ते पुंजाजी कसले! त्यांनी ठरवलं, मशीनच हलकी आहे. याहून जड घ्यावी.

चिखलीच्या वेल्डिंग मशीनच्या दुकानात ते व्हॅननं पोचले, गोजरबाई एसटीनं. आत शिरताच पुंजाजींनी सगळ्यांत मोठ्या मशीनला हात घातला. ती जमिनीवरून जेमतेम हलली. चेहरा खुलला.

"हेच द्या."

"जोडाचं काय हाय काका?" दुकानदारानं विचारलं.

"लोखंड."

"किती जाड?"

"हाय चांगलं जाड," पुंजाजी भिंतीकडं बघत म्हणाले. गाडीचा तळ सडवला, त्यातून बायकोचा पाय गेला, हे चार गिऱ्हाइकांपुढं सांगणार कसं?

गोजरबाईनं पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली आणि काउंटरवर सोडली. आत तांबूस पत्र्याचा तुकडा होता. पाय अडकला तेव्हा तिच्या घोट्याशी निघून आला तोच. तिनं तो जपून ठेवला होता. दुकानदारानं उचलला तर पापडासारखा कडा मोडून हातात आला.

पुंजाजींनी तो तुकडा घेतला आणि सवयीनं तळहातावर तोलला. वजनच लागेना. एवढ्याशा पत्र्यावर आपण तिला बसवून गावोगाव फिरवत होतो. 

"गाडीचा तळ हाय," ते हळूच म्हणाले. "मीनंच सडवला."

दुकानदार हसला नाही. त्यानं कोपऱ्यातली लहानशी मशीन पुढं ओढली. "मंग ही घ्या. बारीक तार आपोआप येते, जोडावर गॅसचा आडोसा राह्यते, करंट पार खाली उतरवता येते. मोठी मशीन नांगराले चांगली, पन ह्या पत्र्याले जाळून टाकीन."

पुंजाजींनी ती एका हातात उचलली. हलकी. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हलकी वस्तू घेतली.

घरी आल्यावर व्हॅनची बॅटरी सोडवली, चटई-सीट बाहेर काढली, सडका भाग कापला आणि नवा पत्रा बसवून एका कोपऱ्यातून सरळ वेल्डिंग ओढत निघाले. अर्ध्यावर पत्रा तापून फुगला, मधोमध टेंगूळ आलं. गोजरबाई ओट्यावर गोधडीचा थर लावत बसली होती. तिनं मान वर केली.

"अशी शिवली तं गोधडी गोया होते, मधातच फुगते. आधी चारी कोपरे टाचा, मंग मधात. एकीकडचा टाका घातला की दुसरीकडं जा."

पुंजाजींनी पत्रा काढला, ठोकून सपाट केला आणि पुन्हा बसवला. इथं एक ठिपका, तिथं एक. मग थांबायचं, निवू द्यायचं. थांबणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं, पण ते थांबत राहिले. घासून, रंग देऊन काम पुरं झालं तेव्हा बाजाराचा दिवस आला होता.

त्यांनी व्हॅन दारात आणली. गोजरबाईनं आधी मागचं दार उघडून पाहिलं.

"पोतं?"

"भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेलं. गाडीत येनार नाई आता."

तिनं पुढचं दार उघडलं. चटई अजून टाकलेली नव्हती. तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पाय पत्र्यावर टेकवला. सारवलेली जमीन वाळली का, हे बायका बघतात तसा: आधी बोटं, मग टाच, मग सगळा भार. पुंजाजी स्टिअरिंग धरून तिच्या पायाकडं बघत होते.

ती बसली. दुसरा पाय आत घेऊन तिनं दार ओढलं.

"ऐकलं का," ती म्हणाली, "पल्याडच्या सिंधूताईची सून आली म्हनते..."

पुंजाजींना समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. डोळे पुसून त्यांनी गाडी चालू केली.