टीव्हीकडे पाठ

ही गोष्ट ह्यांना ठाऊक नाही, आमच्या मुलीला नाही, आणि जिच्या बाबतीत घडली तिला तर शेवटपर्यंत कळली नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या नात्यातले नाही, बहुधा म्हणूनच.

आधी खोलीबद्दल सांगते. बघा, लगेच खोलीकडे वळले! मुद्द्याचं बोलायची वेळ आली की मी अशीच पडद्यांत आणि उशांच्या अभ्र्यांत तोंड लपवते. पण खोलीशिवाय पुढचं कळायचं नाही.

सक्करदऱ्याला आमचं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा आम्ही तो व्हरांडा भिंत घालून बंद केला आणि त्याची खास टीव्हीची खोली केली. तेव्हा नागपुरात टीव्ही येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्याच्यासाठी वेगळी खोली तर आमच्या ओळीत कुणाकडेच नव्हती. नकाशा माझा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला. एका भिंतीला सरकत्या दारांच्या लाकडी कपाटात टीव्ही. समोर सोफा-कम-बेड — एरवी सोफा, पाहुणा आला की ओढून पलंग, आणि खालच्या खणात गाद्या-रजया. मोरपंखी पडदे, कोपऱ्यात मंद दिवा. सुताराला मी इतकं पिडलं की शेवटी तो म्हणाला, "बाई, आता रंधा तुमीच मारा ना."

लाकूड मात्र आमचं नव्हतं. ते आक्कांचं होतं.

आक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण. कुहीजवळच्या खेड्यात दिलेली, लवकर विधवा झालेली. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हे अगदी लहान होते. त्यांना आक्कांनीच वाढवलं. आमची खोली निघाली आहे हे कळल्यावर त्यांनी पाडलेल्या गोठ्याचं सागवान धानाच्या ट्रकवर चढवलं आणि मागोमाग स्वतःही आल्या. म्हणाल्या, "सुमन वं, याचा पलंग कर. मी आली म्हंजे मले आंग टाकाले जागा पाह्यजे." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी खरं आहे.

खोली झाली आणि थंडीच्या दिवसांत आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधुक. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी टीव्हीच्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डोया उघडला का पयले हेच पाहीन. तू डाक्टरले इचारून ठेव." मी विचारलं. डॉक्टर हसले. म्हणाले, पट्टी आहे तोवर ऐकू द्या, पट्टी निघाली की खुशाल बघू द्या. फक्त वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही.

हे लक्षात ठेवा. मला नीट माहीत होतं. पुढे जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये — मीसुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आक्का त्यांच्याच लाकडाच्या पलंगावर येऊन निजल्या. आणि मग माझ्या नकाशातली चूक मला दिसली. पलंग ओढला की टीव्हीपुढे पाय ठेवायलाही जागा उरत नव्हती. खोली एका वेळी एकाचीच होऊ शकत होती, पाहुण्याची नाहीतर टीव्हीची. पहिले काही दिवस शेजारच्या बायका दारातून डोकावून परत जात. माझी केवढी हौस, केवढा तोरा — आणि सोफ्याच्या जागी दिवसरात्र अंथरूण, उशाशी दातांना लावायच्या गुडाखूची डबी, खोलीभर तेलाचा वास. चिडचिड व्हायची. कुणाला दाखवत नव्हते, पण भांडी जोरात आदळायचे.

अशात ह्यांनी सांगितलं की रविवारच्या सिनेमाला साहेब आणि त्यांच्या बाई येणार आहेत. हे कळमेश्वरला कारखान्यात होते, साहेब तिथले. आता त्या बाईंना मी माझी खोली दाखवणार होते की हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी? ...असंच आलं होतं मनात. याच शब्दांत.

दुपारी मी आक्कांजवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला — होय, हातसुद्धा घेतला! आणि म्हटलं, "आक्का, डॉक्टर म्हणाले की टीव्हीचे किरण ऑपरेशनच्या डोळ्याला फार वाईट. लागलेला असेल तेव्हा त्या खोलीत थांबूच नका. डोळा जाईल."

त्या घाबरल्या. डोळा जाईल म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? स्वतःच चाचपडत उठल्या. मी मागच्या पडवीत पाटावर गोधडी घातली, अंगावर शाल दिली. पलंग लोटून सोफा केला, रजया खणात कोंबल्या, उदबत्ती लावली. साहेबांच्या बाईंनी पडद्यांचं तोंड भरून कौतुक केलं. मी चिवडा-लाडू फिरवत होते, आणि मागे नागपूरच्या थंडीत, मोरीशेजारी, आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

एका दिवसापुरतं असतं तर? तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण ते फार सोयीचं निघालं. दुसऱ्या संध्याकाळी मला सांगावंही लागलं नाही. टीव्ही लावायची वेळ झाली की आक्का आपणहून उठत, उशी काखेत घेत आणि पडवीत जात. हे कधी बसने लवकर परतले आणि त्यांनी विचारलं, आक्का मागे का बसली, तर मी म्हणायचे, त्यांना तो गोंगाट सोसत नाही. म्हणजे इकडे एक थाप, तिकडे दुसरी. ह्यांना पटलं. आपल्या बहिणीला एकदा विचारावं असं त्यांना वाटलं नाही. पण ते त्यांचं झालं, मी माझं सांगते आहे.

आता त्याहून वाईट सांगते.

पट्टी निघाली. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. आक्कांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, म्हणाल्या, "बाई वं, केवडी वाळली तू!" मग कपाटाच्या सरकत्या दारांकडे बोट करून, लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "आता चालन का वं?"

एक "हो" पुरलं असतं. साहेब येऊन गेले होते, खोलीचं कौतुक झालं होतं, माझं काहीसुद्धा अडलेलं नव्हतं. पण हो म्हटलं असतं तर डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं होतं ते निघालं असतं. आणि खरं सांगू? मला माझ्या संध्याकाळी आवडायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, "नको आक्का. आता जन्मभर जपायला हवं."

त्यांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्या गावी गेल्या. जाताना पलंगाच्या कडेवरून हात फिरवून म्हणाल्या, "लाकूड साजरं निंगालं."

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाकडे, भास्करकडे, टीव्ही आला. आम्ही दिवाळीनंतर गावी गेलो तो रविवार होता. संध्याकाळी आळीतली माणसं त्याच्या घरात दाटीवाटीने बसलेली. बाहेर अंगणात आक्का एकट्याच होत्या — दाराकडे पाठ, चष्म्यावरून पदर ओढलेला. भास्कर मला म्हणाला, "मामी, तूच सांग इले. घरात टीव्ही लागला का भायेर जाऊन बसते. कोनाचं आयकतच नाही."

आक्कांना ऐकू गेलं. त्या ताडकन म्हणाल्या, "काहून आयकू? माही सुमन शिकलेली हाये. तिनं सांगतलं म्हून माहे डोये राह्यले. त्या रंगूबाईचं पाह्य, माह्याच संगं आपरेशन झालं, आंधळी होऊन बसली." आणि माझा हात चाचपून धरला, त्या दुपारी मी त्यांचा धरला होता तसाच. म्हणाल्या, "तुये उपकार हायेत वं."

उपकार! आत्ता सांगावं, इथेच, भास्करसमोर. शब्द जुळवलेसुद्धा — आक्का, मी खोटं बोलले होते, चला आत. तोंड उघडलं. आणि आतून भास्करच्या बायकोने हाक मारली, "मामी, या ना, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली हाये."

आक्का म्हणाल्या, "जाय वं, तुले चालते. मंग मले सांगजो काय झालं तं."

मी हात सोडवून घेतला आणि आत गेले. एकुलत्या खुर्चीवर बसले, सगळ्यांच्या पुढे. दार माझ्या पाठीशी होतं आणि दारापलीकडे आक्कांची पाठ. मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. बाहेर आल्यावर आक्कांना त्याची गोष्ट सांगितली, सविस्तर, गाण्यांसकट. त्या ऐकत होत्या, मधूनमधून हसत होत्या. मी छान सांगते, असं म्हणाल्या.

आक्का गेल्या तोवर त्यांचे डोळे चांगले होते. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होत्या, असं भास्कर सांगतो. टीव्ही त्यांनी कधीच पाहिला नाही.

तो पलंग अजून आहे. लाकूड खरोखरच चांगलं निघालं.