रिकामी जागा

श्रीरामपूरच्या घरी बसून मी एका बँकेच्या मेनफ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, जुने प्रोग्राम सांभाळते. याच कामावर पुण्यात एक ताई आहेत, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आमची जुनी पद्धत अशी, की एक प्रोग्राम एका वेळी एकीच्याच ताब्यात. तिने सोडल्याशिवाय दुसरीला हात लावता येत नसे. म्हणून रोज फोन.

"ताई, सोडला का हो?"

"थांब गं, चहा तरी पिऊ दे."

मग त्या चहासोबत परदेशी गेलेली मुलगी, रिकामं घर, एकटीपुरती केलेली आमटी, सगळं यायचं. इकडे काम तुंबलेलं आणि मी आमटीचं ऐकत बसलेय, याचा मला भारी राग यायचा.

मग कंपनीने गिट नावाचं सॉफ्टवेअर आणलं. आता प्रत्येकीकडे प्रोग्रामची आपापली प्रत. हवे ते बदल करा, शेवटी गिटच ते एकत्र करतं. वाट पाहणं संपलं. मी तर पेढे वाटायच्याच बेतात होते.

"त्या पुन्याच्या बाईंचा फोन न्हाई आला लई दिवसांत," एकदा वडील म्हणाले. त्यांनी जन्मभर शेती केली.

"आता गरजच लागत नाही, बाबा."

"पाटाच्या पाण्याला पाळी हुती तवा शेजारी रोज बांधावर भेटायचा. दोघांनी आपापलं बोर घेतलं, आता त्याचं तोंड दिसत न्हाई." एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

मला ते टोचलं. पण फोन करून म्हणायचं काय? नुसतं 'कशा आहात' विचारायची आम्हाला सवयच नव्हती.

काल गिट अडलं. एकाच ओळीत माझाही बदल आणि ताईंचाही. कोणता ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, म्हणे. बघते तर व्याजाच्या त्या ओळीत ताईंनी काहीच बदललं नव्हतं. मधे फक्त एक रिकामी जागा वाढवली होती.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, ही जागा कशाला वाढवलीत?"

"तू कुठल्या ओळीवर काम करतेस ते तू पाठवलेल्या प्रतीत मला इथे दिसतं," त्या म्हणाल्या. "आणि अडल्याशिवाय तू काही फोन करायची नाहीस."

मला रडूच आलं. मिनिटभराचं ते काम मी तसंच राहू दिलं आणि विचारलं, "आज आमटी कसली केलीत?"