काठ उलटा करताना

खुर्चीवर तो कधी नीट बसलाच नाही. एक गुडघा सीटवर, दुसरा पाय जमिनीवर, आणि अंग पुढं झुकवून स्क्रीनकडं बघायचं. आत्ता कुणी हाक मारली तर पळायला बरं, असा. मी म्हणायची, "अरे, बूड टेक की जरा!" तर म्हणायचा, "बसलो की डोकंपण बसतं, काकू."

तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल बघा. गच्चीवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालणारा, चहा अर्धा ठेवून निघून जाणारा, आणि परत आल्यावर तोच गार चहा पिणारा. आमच्यापासून दोन घरं सोडून त्याचं घर. बापजाद्यांचे माग होते, बोलणं घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. चाळिशी उलटली तरी संसार नाही. पुण्यात कंप्यूटरची नोकरी केली, सोडली. हैदराबादला केली, सोडली. मध्येच घरी यायचा. आई दारातून ओरडायची, "कूर्चो रा, कूर्चो!" म्हणजे बस रे, बस. सगळ्या गल्लीला तेवढं तेलुगू त्या माउलीमुळं पाठ झालं होतं. बसला मात्र तो एकदाही नाही.

आता त्याची खरी ओळख मला कशी झाली, तर माझ्या कामामुळं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात मी डिझाइन काढते. शाळा सातवीत सुटली. ग्राफच्या कागदावर चौकोन भरत शिकले, आणि केस पिकल्यावर कंप्यूटरवर बसले. कुणी शिकवलं नाही. बटणं दाबत गेले, काय होतंय ते बघत गेले.

आमचा डिझाइनचा प्रोग्राम जुना. इतका जुना, की तो ज्या यंत्रावर चालायचा ती यंत्रं भंगारात जाऊन आता त्यांची भांडी झाली असतील. पण आमचे सगळे मोर, सगळ्या वेली, सगळे बुट्टे त्याच प्रोग्रामात. नवा प्रोग्राम ते उघडतच नाही. मग शेठनी कुणाकडून तरी एक सोय करून घेतली होती. नव्या कंप्यूटरच्या पोटात दुसरा एक प्रोग्राम जुन्या कंप्यूटरचं सोंग घेतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. डिस्क सोंगाची, स्क्रीन सोंगाचा, आणि स्क्रीनवरचं चित्र धरून ठेवणारी मेमरीसुद्धा सोंगाचीच. आमच्या म्हाताऱ्या प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत. मला ते लई आवडलं होतं. म्हाताऱ्या माणसाला एवढं मिळालं तरी पुष्कळ की.

पण त्या सोंगात एक खोट होती. मी काम करताना स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात रंगांचा कचरा सांडायचा. लाल, हिरवे, जांभळे ठिपके, मूठभर रांगोळी कुणी फेकल्यासारखे. कधी कधी तर सगळं सोंगच बंद पडायचं, आणि सकाळपासूनचं काम पाण्यात.

गंमत म्हणजे हे फक्त मलाच व्हायचं. शेजारच्या टेबलावर इक्बालभाई डिझाइन काढतात, त्यांना कधी एक ठिपका दिसला नाही. ते म्हणायचे, "बाई, यंत्राची तुमच्याशीच दुश्मनी हाय. काय बोलला होता त्याला?"

शेठना गंमत वाटत नव्हती. त्यांनी सांगून टाकलं, "ही मोराची ऑर्डर गेली की जुनं सगळं बंद. तयार डिझाइन विकत घेऊ." म्हणजे माझे सगळे मोर, इक्बालभाईंच्या सगळ्या वेली, आमच्या आधी ज्यांनी काढलं आणि आता जे राहिले नाहीत त्यांचंही सगळं, एका बटणात जाणार.

म्हणून मी त्याला गल्लीत अडवलं. त्याला तेव्हा बंगळूरला नवी नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आईनं शेंगाचटणीची बरणी बांधूनसुद्धा ठेवली होती. म्हटलं, "जायच्या आधी जरा बघून जा रे." म्हणाला, "पाच मिनिटं."

आला. गुडघा टेकवला. माझ्याकडून कचरा पाडून दाखवायला लावला. मग त्या सोंगाच्या स्क्रीनला चित्र ठेवायला जेवढी मेमरी दिली होती, ती वाढवली. पुन्हा करून बघितलं, कोपरा स्वच्छ! इक्बालभाईंनी टाळी वाजवली. शेठनी गरम भजी मागवली. मी तर देवाला हात जोडले.

तो भजं हातात धरून उभा, खाईना.

"काय रे?"

"काकू, दिसत नाही म्हणजे गेलं नाही."

शेठ हसले. "अहो साहेब, दिसत नाही ना? मग झालं! उद्या कार्डं पाडायला घेतो."

भोकांची कार्डं एकदा पाडली, की जकार्डचा माग ती सांगतील तसा विणत सुटतो. चूक असली तर चूकसुद्धा इमानानं विणतो.

तो गेला. मला वाटलं, आता बॅग भरत असेल. पण दुसऱ्या दिवशी कारखान्याचं दार उघडायला हा दारात हजर. डोळे लाल. शिपायाला बाजूला सारून आत आला आणि मला म्हणाला, "तुमचा मोर उघडा. बुट्टे एकेक बघा. माझ्या डोळ्यांना कळणार नाही, तुमच्या डोळ्यांना कळेल."

मी बघत गेले. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. पुढच्या ओळीतल्या मोराच्या मानेवर एक जांभळा चौकोन. मी जांभळा कधी भरलाच नव्हता. पुढच्या मोराला दोन.

तो खोलीतच फिरायला लागला. "तेच. चित्र जिथं दिसतं त्याच्या पलीकडं मेमरीत आणखी जागा असते. तुमचा प्रोग्राम बुट्ट्यांच्या कॉप्या तिथं ठेवतो. मी जागा वाढवली, तेव्हा कचरा पडद्याआड गेला आणि तुमच्या बुट्ट्यांवर पडायला लागला. काल निदान दिसत तरी होता."

शेठ आले, ऐकलं, आणि त्यांचा पारा चढला. "ऑर्डर थांबवू? एका ठिपक्यापायी?"

"ठिपका चादरीवर येणार."

"कोण बघतंय चादरीवर!"

मी म्हटलं, "मी बघते, शेठ." माझा आवाज चढला असावा, कारण इक्बालभाईंनी पटकन माझ्यापुढं पाणी ठेवलं. शेठ पाय आपटत गेले, पण कार्डं थांबली.

मग त्याचा एकच प्रश्न सुरू झाला. "तुम्हालाच का? इक्बालभाईंना का नाही?" माझ्या खुर्चीमागं फिरत तो मला काम करताना बघत राहिला. माझ्या मानेला घाम. असं कुणी मागं उभं राहिलं की माझा हात चालत नाही. मी खालचा काठ काढला, तो निवडला, उलटा केला आणि चित्राच्या पार वरच्या कडेला नेऊन बसवला.

"थांबा!" तो इतक्या जोरात ओरडला की मी माउसच सोडला. "खालून का सुरू केलं?"

आता हा काय प्रश्न झाला? म्हटलं, "अरे, मागावर कापड खालूनच वर वाढतं. पहिला काठ विणला जातो तो खालचाच. मला ज्यांनी ग्राफ शिकवला ते मागावर बसणारे. त्यांनी कागदसुद्धा खालून भरायला शिकवला. इक्बालभाई कंप्यूटरवरच शिकले, ते वरून काढतात आणि खाली उतरवतात."

त्याच्या फेऱ्या थांबल्या. मग म्हणाला, "माझा बाप पण असंच काढायचा. आणि मी दोन दिवस वरून शोधतोय."

मला त्यानं समजावलं ते असं. सोंगाचा स्क्रीन चित्राचा तुकडा इकडून तिकडं नेतो, तेव्हा आधी एक पहारेकरी बघतो, तुकडा हद्दीबाहेर तर जात नाही ना. पण तो उभा आहे फक्त पुढच्या दाराशी. सगळे पुढंच जातात असं लिहिणाऱ्यानं धरलं होतं. काठ उलटा करताना मेमरी शेवटाकडून मागं मागं भरत येते. काठ पार वरच्या कडेला असला की मागं जागाच उरत नाही; इक्बालभाईंचा खाली असतो, म्हणून ते सुटले. ती मागच्या दारानं बाहेर पडली तरी पुढचा पहारेकरी "सगळं ठीक" म्हणतो. आणि बाहेर पडलेलं फिरून दुसऱ्याच टोकाला जाऊन सांडतं.

"मग मागच्या दाराशी पण एक बसव की!"

"तेच करायचंय," तो म्हणाला, "पण माग चालू ठेवून. चांगला तुकडा अडता कामा नये."

ते "पण" लई लांबलं. पहारेकरी बसवला, तर साधे तुकडेसुद्धा अडायला लागले. काढला, तर कचरा. ओठ चावत, शर्टाची कॉलर ओढत त्याच्या फेऱ्या चालू. रविवारी त्यानं बंगळूरला फोन करून दोन दिवस मागितले. मी शेजारीच होते. पलीकडचं ऐकू आलं नाही, त्याचं तेवढं आलं. "हो. समजलं. नाही, कारण घरचं नाही, काम अर्धं आहे." फोन खिशात टाकला आणि परत गुडघा खुर्चीवर. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर म्हणाला, "काकू, तो काठ परत एकदा उलटा करा."

केला. काठ वर जाऊन गपकन बसला. कोपरा स्वच्छ. सोंग चालू. सगळे बुट्टे मी एकेक करून तपासले, त्यानं सांगितलं म्हणून नाही, मलाच चैन नव्हतं म्हणून. एकही परका चौकोन नाही. आता भजी मागवायला शेठ नव्हते. त्यानं फक्त खिडकी उघडली.

तो सोंगाचा प्रोग्राम फुकट असतो, देशोदेशीची माणसं मिळून सांभाळतात. त्याची दुरुस्ती त्यानं त्यांना पाठवली. त्यांनी शंका काढल्या, हा चिडला, गच्चीवर तावातावानं इंग्रजी बोलला, परत लिहून पाठवलं. शेवटी त्यांनी घेतली. जगात कुणी असं उलटं काम करत असेल, त्याचंही चित्र आता सांडणार नाही, म्हणाला. आमचे मोर वाचले. शेठ जुनं बंद करण्याचा विषय पुन्हा काढत नाहीत.

बंगळूरची नोकरी मात्र गेली. त्याच्या आईनं मला दारात गाठून ऐकवलं, "तुमच्या मशीनपायी माझं पोरगं परत लटकलं. एका जागी बसनार होतं ते!" माझे मोर शाबूत होते आणि तिची बरणी तशीच बांधलेली. पुढं ती मला बघून दार लावून घ्यायची. तो थोडे दिवस गच्चीवर फिरला, आणि एक दिवस गच्ची रिकामी. चेन्नईला गेला म्हणे. मग कळलं, तिथूनही पुढं कुठं. चादर मागावरून उतरलेली त्यानं बघितलीच नाही.

पहिली चादर शेठनी मला दिली. मी ती घेऊन त्याच्या आईकडं गेले. दार लावलं नाही तिनं. चादर मांडीवर घेतली, उलगडली, पदरानं हात पुसून मोरावरून फिरवला.

"ह्यात त्यानं काय केलं?"

"हा वरचा काठ आहे ना, तो..."

ती काठावर बोट ठेवून हळूहळू सरकत गेली. शेवटपर्यंत गेली, परत आली.

"कुटं? मला तर काय दिसंना."

"दिसायचं नाही, अक्का. काय बिघडलेलं नाही, तेच त्याचं."

तिनं डोळ्यांना चष्मा लावला आणि परत पहिल्यापासून, एकेक मोर बघायला लागली.